नुसती इंजिनं

टेपबाईंना रिकामी जागा बघवत नसे. शिवणकामात उभी हयात गेलेली, गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून नवऱ्यानेच हे नाव ठेवलेलं. कापडाची चिंधी वाया गेली तरी जिवाला लागायची, आणि इथे तर अख्खी भिंत वाया चालली होती.

झालं असं, की माळ्यावरच्या पेटीत ओल शिरली. त्या पेटीत नवऱ्याच्या खेळण्यातल्या आगगाड्या होत्या. खेळण्यातल्या म्हटलं की तो चिडायचा. हुबेहूब नमुने आहेत ते, म्हणायचा. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा माणूस, केसाएवढा फरक त्याला खपत नसे. लग्नानंतरही तो अधूनमधून एखादं खोकं आणायचा आणि थेट माळ्यावर चढवायचा. बाईंनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं. ज्याचं त्याचं खूळ!

आता मात्र त्याने सुतार बोलावून बोळातल्या भिंतीला फळ्या मारून घेतल्या, पुढे काचा लावल्या आणि इंजिनं पुसून मांडली. प्रत्येक फळीवर मोजकी, तीही लांब लांब, तोंड डावीकडे करून. इंजिन वीतभर आणि फळी या दारापासून त्या दारापर्यंत! बाकी सगळं मोकळं रान. बरं, मध्ये उभ्या पट्ट्या मारून त्या मोकळ्या जागेचेही भाग पाडलेले, एक लांब तर एक आखूड, आणि प्रत्येक भागाच्या डाव्या टोकाला एकच इंजिन.

"सुताराचं डोकं फिरलं होतं की तुमचं?" बाईंनी विचारलं.

"माप माझं आहे."

"मग तुमचंच."

दुपारी तो दुकानात गेल्यावर बाईंनी मोकळ्या जागेत बटणांचे डबे, रिळं आणि अस्तराचे तुकडे नीट लावून ठेवले. संध्याकाळी बघतात तर सगळा संसार पुन्हा शिलाई मशीनवर, आणला त्याहून नीट रचलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो रागावला असता तर परवडलं असतं, पण हा गृहस्थ चकार शब्द काढेना.

"अहो, एवढी जागा कशाला?"

"लागेल."

"कशाला लागेल, तेच विचारतेय मी."

"लागेल म्हटलं ना."

झालं, बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. रविवारी तो अंघोळीला गेला तशी त्यांनी काच सरकवली आणि एकेक इंजिन हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. काळं, हिरवं, लाल. प्रत्येकाच्या मागे गाडी जोडायची बारीकशी कडी. आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की या सगळ्या पसाऱ्यात डबा म्हणून एक नाही. नुसती इंजिनं! इतक्या वर्षांत या माणसाने एकही डबा विकत घेतला नव्हता.

चहाचा कप पुढे सरकवत त्यांनी सरळच विचारलं. "डबे कुठे आहेत?"

"धाकट्याकडे," तो म्हणाला. "आईची युक्ती. माझ्या वाढदिवसाला इंजिन आणायची, त्याच्या वाढदिवसाला डबा. कितीही भांडलो तरी खेळायचं तर दोघांना एकत्र यावंच लागायचं. मोठे झालो तरी तेच. मी इंजिन घ्यायचं, त्याने डबे."

पुढचं बाईंना ठाऊक होतं. सासूबाईंची तब्येत अचानक बिघडली तेव्हा परगावच्या धाकट्या भावाला उगाच घोर नको म्हणून याने उशिरा कळवलं. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. "तू मला आईला भेटू दिलं नाहीस," एवढंच बोलून तो गेला, आणि त्यानंतर दोघांत बोलणं नाही. नवऱ्याने किती वेळा फोन उचलून खाली ठेवला, हे बाईंनी पाहिलं होतं.

कप विसळता विसळता त्यांचा हात थांबला. वाढत्या अंगाच्या पोरीचा झगा शिवताना शिवणीत आत कापड सोडतात. अंदाजपंचे नाही, ती केवढी होईल ते बघून. त्या बोळात गेल्या आणि गळ्यातली पट्टी काढून एकेक भाग मापू लागल्या. लाल इंजिनामागे हातभर आणि वर चार बोटं. हिरव्यामागे त्याच्या दुप्पट. त्यांना भडभडून आलं. या येड्याला भावाचा डबा न् डबा पाठ होता, आणि फोन मात्र करवत नव्हता!

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"भावजी, मी बोलतेय. एक माप हवं होतं. तुमच्याकडचे लाल गाडीचे डबे एकापुढे एक लावले तर हातभर आणि वर चार बोटं भरतात का?"

"दादाने विचारायला सांगितलं?"

"छे! त्यांनी कोणाला न विचारताच फळ्या मारल्यात. प्रत्येक इंजिनामागे जागा सोडलीय. मला तिथे बटणंसुद्धा ठेवू देत नाहीत. बरोबर सोडलीय का, तेवढं सांगा."

एकेक माप त्या सांगत गेल्या. तो नुसता हं हं करत होता.

"लांबी बरोबर आहे, वहिनी," शेवटी तो म्हणाला. "उंची किती ठेवलीय? माझ्याकडे एक दुमजली डबा आहे. दादाला नाही माहीत, मी नंतर घेतला."

बाईंनी मान वळवली. नवरा बोळाच्या तोंडाशी उभा होता. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी फोन पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

"दुमजली?" तो म्हणाला. "केवढा उंच आहे?"

पलीकडून काहीतरी आकडा आला असावा. त्याने फळीकडे पाहिलं, मग डोळे पुसले.

"असं फोनवर माप कळत नाही रे," तो म्हणाला. "घेऊन ये."