कापश्याचा नमस्कार

असोद्यातला पहिला भाविक कुत्रा म्हणजे गिरधर आबांचा कापश्या. जात पॉमेरियन, वजन चार किलो, आणि रंग असा की कपाशीच्या ढिगात बसवला तर व्यापारी त्याच्यासकट तोलून नेईल. आयुष्याची सहा वर्षं त्याने देवाधर्माकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग एका मंगळवारी संध्याकाळी आबांनी घंटी वाजवली आणि कापश्याने देव्हाऱ्यासमोर पुढचे दोन्ही पाय पसरले, छाती जमिनीला टेकवली, मागचा भाग वर ठेवला आणि आरती संपेपर्यंत तसाच राहिला.

"नमस्कार करू राह्यला," आबा म्हणाले, आणि आरतीचं एक कडवं विसरले.

बुधवारी शेजारच्या भिकुबाई पाहून गेल्या. गुरुवारी त्यांच्यामागे सगळी गल्ली आली. रिकाम्या हाताने कोणी येत नव्हतं. कोणी तुपातला शिरा आणला, कोणी पेढे, एकीने तर मांड्याचा तुकडा साजूक तुपात बुडवून आणला. कापश्या दोन घास खायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा नमस्कार घालायचा. प्रसादाने भक्ती वाढते हे सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

आबांची नात मयुरी दहावीत होती. पंधरा दिवसांपूर्वी ती वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरी आली होती, आणि तेव्हापासून घरात प्रत्येक गोष्टीवर तिचं मत असायचं. ते मागावं लागत नसे. तिने वहीच्या शेवटच्या पानावर नोंद ठेवली. शुक्रवारपर्यंत कापश्याने देवाला तीन नमस्कार घातले होते, कूलरला चार, गॅसच्या टाकीला दोन आणि गल्लीतल्या अभिमनकाकांच्या मोटरसायकलला एक, तोही लांबलचक. शिवाय तो खाटेवर उडी मारत नव्हता, सारखे ओठ चाटायचा, आणि पोटाखाली हात घातला की मान वळवून त्या हाताकडे बघायचा.

"आबा, हा कूलरलाही नमस्कार करतो."

"देव सगळीकडे असतो, पोरी."

"भाकरीतही असेल ना मग? भाकरी तर त्याने सोडली."

"उपास असीन त्याचा."

"पेढे खाऊन?"

"उपासाले पेढे चालतात."

स्पर्धेत याला गुण मिळाले असते. मयुरीने वही मिटली.

शनिवारी कापश्याने पेढ्यालाही तोंड लावलं नाही. सकाळपासून दोनदा पिवळं ओकला होता. संध्याकाळच्या आरतीला घरात दहा-बारा बाया जमलेल्या. कापश्याने त्यांच्यादेखत नमस्कार घातला, पण या वेळी तो थरथरत होता.

"अंगात आलं त्याच्या," भिकुबाई हळूच म्हणाल्या. पदर डोक्यावर घेऊन त्या कुत्र्यासमोर बसल्या. "आमच्या तेजसचं लगन कवा व्हईन, बाबा?"

कापश्याने ओठ चाटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"यंदा नाही म्हणतो," मागून कोणीतरी अर्थ सांगितला.

मयुरी उठली. तिच्याकडे अख्खं भाषण तयार होतं, तीन मुद्दे आणि समारोपासकट. कापश्याकडे पाहिलं आणि त्यातलं काही आठवेना. हा आज मरेल, एवढं एकच डोक्यात येत होतं.

"आबा, तुम्हाला मुतखडा झाला होता तेव्हा तुम्ही कसे झोपला होता?"

बारा बायांसमोर असं विचारत नाहीत. आबांचे कान लाल झाले.

"मी सांगते. गुडघे दुमडून, डोकं गादीत खुपसून, मागचं वर करून. दोन तास. भिकुआजी घरातच होत्या. पडल्या का त्या तुमच्या पाया?"

सगळ्यांनी भिकुबाईंकडे पाहिलं.

"नाही," भिकुबाई म्हणाल्या. "मी रिक्षा आणली व्हती."

आबांनी घंटी खाली ठेवली. ते कापश्याशेजारी बसले, त्याच्या पोटाला हात लावला. पोट फळीसारखं टणक होतं. कापश्याने सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना दात दाखवले. चावला मात्र नाही.

"रिक्षा आना," आबा म्हणाले.

जळगावच्या डॉक्टर मोहिनीताईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाला सूज होती. "पोटात कळ आली की कुत्री अशी वाकतात," त्या म्हणाल्या. "आणि एवढ्याशा कुत्र्याला तूप सोसत नाही. इतकं तूप घातलं कोणी?"

"गावानं," आबा म्हणाले. मग म्हणाले, "त्याच्या आधी मी."

मयुरीला इथे पुष्कळ बोलता आलं असतं. ती सलाईनसाठी कापश्याचा पाय धरून उभी राहिली.

पाच दिवसांनी तो घरी आला. तोवर एकादशी उजाडली आणि दारात भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन हजर झालं. आबांनीच त्यांना त्या गुरुवारी आमंत्रण दिलं होतं, आणि दवाखान्याच्या धावपळीत नको सांगायचं राहून गेलं होतं. कापश्या खाटेवर देव्हाऱ्याकडे पाठ करून, चारही पाय सैल टाकून झोपला होता.

"नमस्कार कवा घालतो, गिरधरभाऊ?" मंडळाच्या पितांबरनानांनी विचारलं.

मयुरी आबांकडे बघत राहिली. पंधरा माणसं वाट पाहत होती.

"नमस्कार नव्हता तो, नाना. पोट दुखू राह्यलं होतं त्याचं. पाच दिवस तो सांगू राह्यला होता, अन् मी घंटी वाजवू राह्यलो होतो."

मग पितांबरनानांनी टाळ पिशवीत ठेवले.

"आता दुखतं का?"

"तिले इचारा," आबांनी मयुरीकडे बोट दाखवलं. "तिले समजतं."

मयुरीने खाटेशी बसून कापश्याच्या पोटाखाली हात घातला, हळूच दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. त्याने डोळेही उघडले नाहीत.

"नाही," ती म्हणाली.