वेणीचा शिक्का

धाकटीने पस्तीस वर्षं एका कचेरीत टपालावर आवक शिक्का मारला. निवृत्त झाली तरी हाताची सवय जाईना. बोलताबोलता टेबलावर मूठ आपटायची.

तिच्या खणात सात पाकिटं होती. सातही ताईला लिहिलेली आणि 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन बंदच्या बंद परत आलेली. आई गेली तेव्हा ताईला धक्का सोसणार नाही म्हणून धाकटीने एक दिवस उशिरा कळवलं. ताई पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. "माझी आई नव्हती का ती?" एवढंच ताई बोलली. त्यानंतर अबोला. फोन उचलेना, पत्र घेईना. आता ताईने अंथरूण धरल्याचं भाच्याकडून कळलं आणि धाकटीच्या जिवाला घोर लागला.

एकदा सुनेने लॅपटॉप पुढे ठेवला. "आई, हे बघा. ही माणसं खोडरबर कोरून शिक्के करतात, कार्डावर उमटवतात आणि पोस्टाने पाठवतात. ज्याला मिळेल त्याने त्यात भर घालून परत धाडायचं."

"रिकामटेकडी दिसतात."

"असतील. पण कार्डाला उघडायचं काही नसतं. नको म्हणेपर्यंत दिसून जातं."

धाकटीने चष्मा पुसला. "पुन्हा लाव बरं."

व्हिडिओतली बाई सांगत होती, पातं रेघेपासून बाहेर कलतं धरा, नाहीतर रेघ बुडातून पोखरते. धाकटीने वेणी कोरली. लहानपणी शाळेत जाताना ताई तिची वेणी घालायची, डोळ्यांत पाणी येईस्तोवर ओढून. पेड सुरेख जमले. शेवटची रिबीन मात्र पोखरली गेली आणि पहिल्याच ठशाला तुटून पडली.

"हळू हो आई, फाइल नाहीये ती."

"जाऊ दे. आता दुसरी कोरायला धीर नाही." देवाला हात जोडून तिने बिनरिबिनीची वेणी उमटवली, खाली लिहिलं, 'ताई, चुकले,' आणि कार्ड पेटीत टाकलं.

सतराव्या दिवशी पोस्टमन म्हणाला, "आजी, तुमचंच कार्ड परत आलंय."

तिने त्याकडे पाहिलंही नाही. परत आलेलं टपाल वाचायचं नाही, लावून ठेवायचं, हा कचेरीतला शिरस्ता. कार्ड सात पाकिटांखाली गेलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

चार दिवसांनी सून खोडरबर शोधत खणाशी आली, तेव्हा पाकिटांखालचं कार्ड तिच्या हाती लागलं.

"आई, रिबीन तुटली होती ना?"

"तुटलीच होती."

"मग ही कुणी काढली?"

वेणीच्या टोकाला लाल पेनाने रिबीन काढली होती. रेघ थरथरलेली, पण गाठ दुहेरी, करकचून मारलेली. बाजूला दोन ओळी: 'कधी धड टिकवलीस का एक तरी? ये. बसून वेणी घालता येते मला अजून.'

धाकटीने कार्ड सुनेच्या हातातून घेतलं. "चार दिवस वाट बघतेय गं ती," ती म्हणाली, "आणि मी खण लावून बसले."

सून पिशवी भरू लागली. धाकटी आरशापुढे बसली, पांढऱ्या केसांचे तीन पेड केले, आणि थांबली. पेड सोडून तिने केस नुसते मागे बांधले. कंगवा पिशवीत टाकला.