समासातला खुनी

कुंभार पिंपळगावच्या वाचनालयात नवी रहस्यकथा आली, की ती आधी गिरिजाबाईंच्या घरी जाते. बाई वाचनालयाच्या पहिल्या सभासद, वर गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा मान मोडणार कोण? पुस्तक रजिस्टरला चढतं न चढतं तोच त्या दारात हजर असतात. चार दिवसांनी ते परत येतं तेव्हा मधल्याच एका पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ‘खुनी : माळी.’ खाली ठसठशीत दोन रेघा.

ग्रंथपाल संघपाल रहस्यकथांचा वेडा. पण ते नाव दिसलं की पुस्तकावरून त्याचं मनच उडायचं. निदान बाकीच्या वाचकांचा विचका होऊ नये म्हणून तो बिचारा नाव खोडरबरानं पुसायचा, पुस्तक न वाचताच कपाटात ठेवायचा आणि मग दिवसभर पेपर वाचायला आलेल्यांवर खेकसत बसायचा. अकरा वर्षं हेच चाललं होतं. बाईंना बोलायची छाती होत नव्हती, कारण सातवीला त्याच वर्गशिक्षिका होत्या.

परवा मात्र त्याच्या लाडक्या मालिकेचा शेवटचा भाग आला. दोन वर्षं तो त्याची वाट बघत होता. बाईंनी हात पुढे केला, पण संघपालनं पुस्तक सोडलं नाही.

“बाई, येवढ्या पुस्तकात तरी खुन्याचं नाव लिहू नका. मला बी वाचायचंय.”

“मला काय ठाऊक खुनी कोण?” बाई म्हणाल्या. “निम्मं वाचून झालं की मी आपला अंदाज लिहून ठिवते. शेवटी ताळा करायला.”

“अंदाज?”

“अंदाजच की. अन् आजवर एकदाबी बराबर निघाला न्हाई. तुला दिसलंच असंल, तू तर समदी वाचत असशील.”

संघपालनं वळून कपाटाकडे पाहिलं. पाच खण गच्च भरलेले, सगळेच्या सगळे न वाचलेले. स्वतःचा राग आला, हसू आलं आणि मग असा आनंद झाला की त्यानं सगळं खरं सांगून टाकलं.

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“वर्गात मी फळ्यावर उत्तर लिहिलं की ‘बाई, कशावरून?’ म्हणून माझं डोकं खायचास. अन् हितं अकरा वर्षं गप बसून राह्यलास व्हय रे?”