उत्तरकुरूचा बोलका दगड

"बोलला! दगड बोलला!"

यामिनीच्या घरात एकच गलका झाला. जेवणाच्या टेबलावरच्या तांब्यात काळा दगड आपोआप खडखडला, आणि पाठोपाठ सगळं घर हललं. लोकांनी नंदकिशोर महाराजांचे पायच धरले.

दोन हजार अकराचा एप्रिल. मोठा भूकंप होऊन गेला, तरी जपानमधल्या सेंदाईची जमीन शांत होत नव्हती. आम्ही सगळे विद्यापीठातले संशोधक, पण भीतीपुढे पीएचडी काय कामाची! मीसुद्धा बूट घालूनच झोपत होतो.

"माउली, ही भूमी म्हणजे पुराणातला उत्तरकुरू देश!" नागोयाहून आलेले महाराज सांगत. "इथे रोग नाही, शोक नाही. दगड बोलला की हात जोडून बसायचं, हलायचं नाही."

"मग त्सुनामीत एवढी माणसं का गेली?" मी विचारलं.

"त्यांच्याकडे दगड नव्हता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण यामिनीचा नवरा सारंग टोकियोत अडकलेला, घरात ती आणि सहा वर्षांची विभा. तिने महाराजांना घरीच ठेवून घेतलं होतं. लहरींनी दगड मुका होतो म्हणून आमचे मोबाइल दाराशी बंद करून ठेवलेले. अविश्वास नको म्हणून पुस्तकांच्या कपाटाचा भिंतीला बांधलेला पट्टाही सोडलेला.

दगड पुन्हा खडखडला. विभा शाळेतल्या सवयीने टेबलाखाली शिरली.

"बाहेर ये! इथे बस महाराजांसमोर!" यामिनीने तिचा पाय धरून ओढला.

"नाही! शाळेतली सेन्सेई म्हणते, आधी डोकं वाचवायचं!" विभाने टेबलाचा पाय घट्ट धरला.

घर गदगदा हललं. कपाट कोसळलं, नेमकं यामिनी तिला बसवू पाहत होती त्या जागी.

"विभा!" मी ओरडलो.

"काका," टेबलाखालून उत्तर आलं, "इथे मोबाइल चिकटवलाय. थरथरतोय."

मग सगळं उघड झालं. भूकंपाच्या पहिल्या हलक्या लहरी यंत्रं टिपतात आणि जोराचा धक्का पोचण्याआधी मोबाइलवर इशारा येतो. महाराजांनी आवाज बंद करून आपला मोबाइल बरोबर तांब्याखाली, टेबलाच्या तळाला चिकटवला होता. आमचे मोबाइल बंद, म्हणून इशारा एकट्या दगडाला!

"माउली, उत्तरकुरूत..."

"गप्प बसा!" यामिनी किंचाळली. विभाला कवटाळून ती रडायला लागली. "मी तिला बाहेर ओढत होते हो..."

उत्तरकुरू कुठे होता ते पंडितांनी खुशाल शोधावं. त्याची वर्णनं वाचायला मलाही आवडतात. पण जमीन हलेल तेव्हा हात जोडू नका, टेबलाचा पाय धरा. मोबाइल चालू ठेवा. आणि लेकराला बाहेर ओढू नका, त्याच्यामागोमाग आत शिरा.