पेटी लहान नव्हती

मी एक जुनी प्लास्टिकची पेटी आहे. पुढे जाळीचे दार आणि वर धरायला मूठ. मित्रांनो, पुष्कळ जण मला पिंजरा म्हणतात. पिंजऱ्यात कोंडतात, माझ्यातून घरी नेतात. एवढा फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी मी वाद घालत नाही. खरे तर घालते.

कारखान्यातल्या साच्यातून निघतानाच माझ्या अंगाला जरा बाक आला. त्यामुळे दुकानदाराने मला कोपऱ्यात ठेवले. शेवटी एका मावशीने मला तिच्या मांजरीसाठी घेतले. मांजरीच्या लेखी मी म्हणजे डॉक्टर आणि सुई. मी दिसले की ती कपाटाखाली पसार. उपकार ही गोष्ट मांजरीच्या गावीही नसते. पुढे ती म्हातारी होऊन गेली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या पोटात मोडक्या छत्र्या नि वायरी कोंबल्या. मला कोण विचारणार?

मग मावशीच्या कुत्रीला पिल्ले झाली. सगळी चांगल्या घरी गेली, एकच उरले. चालताना पोट जमिनीला टेकायचे, म्हणून त्याचे नाव ढब्बू. मावशी दुसऱ्याच दिवशी घर बदलणार होती, आणि नव्या घरमालकाला एका कुत्र्यापलीकडे काही चालणार नव्हते. ढब्बू राहिला असता, तर मिळेल त्याच्या हाती गेला असता. म्हणून मावशीची भाची आणि तिचे बाबा त्याला न्यायला विमानाने आले. आल्या आल्या भाचीला ढब्बूची ताई हे पद मिळाले.

मला माळ्यावरून काढले, धुतले, उन्हात ठेवले. मी खूश होते. पण मग सगळ्यांना एकदम माया आली. मावशीने तळाला जाड गादी घातली. बाबांनी त्यावर दुलई घातली. ताईने स्वतःचा लोकरीचा कोट दिला आणि कडेला उशीही खोचली. एका कोपऱ्यात ढब्बूच्या आईच्या अंगाखालचे जुने फडके होते, ते बिचारे दिसेनासे झाले. अति तेथे माती म्हणतात ते खोटे नाही. मी ओरडले असते, पण मला तोंड नाही, नुसते दार आहे.

विमानतळावर काउंटरवरच्या बाई वाकल्या. ढब्बूची पाठ माझ्या छताला टेकली होती.

"त्याला आत उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "पेटी लहान आहे. असं नाही नेता येणार."

लहान! मित्रांनो, माझा नुसता संताप झाला. माझ्यात एक लठ्ठ मांजर ऐसपैस रुसून बसायची. भरणारे भरून मोकळे झाले आणि नाव माझे खराब. चोर सोडून संन्याशाला फाशी!

बाबांचा चेहरा पडला. मावशीला फोन करून बोलवू या, ती येऊन घेऊन जाईल, असे ते म्हणू लागले. ताईने फोन हातातसुद्धा घेतला नाही. तिने ढब्बूला बाबांकडे दिले, जमिनीवर फतकल मारली आणि एकेक वस्तू ओढून काढायला लागली. कोट तिने स्वतः घातला, दुलई बाबांच्या खांद्यावर टाकली, गादी काखेत मारली. मागची रांग कुरकुरत होती.

"थांबा ना जरा," ती मान वर न करता म्हणाली. "पेटी लहान नाहीये. आम्हीच जास्त भरली."

माझ्या बाजूने कोणी बोलल्याची ती पहिलीच वेळ. मी ते विसरलेले नाही.

आत फक्त फडके राहिले. ढब्बूला आत सोडले, तर तो बसला तो बसलाच. बाबांनी चुटक्या वाजवल्या, ताईने गोड बोलून पाहिले. साहेब ढिम्म. ताईचे डोळे भरून आले. तेवढ्यात ढब्बूच्या नाकाला फडक्याचा वास लागला. तो उठला. झोपण्याआधी त्याची सगळी जात करते तसा एकदा गोल फिरला, पुन्हा फिरला, आणि फडक्यावर त्याने अंग टाकले. बाईंनी माझ्या मुठीला चिठ्ठी बांधली.

विमान वर चढताना मात्र तो रडला. मी ताईच्या पायाशी होते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, हे असेच रडत राहणार का?

"तुम्ही पहिल्यांदा आईला सोडून निघालात, तेव्हा हसत होतात का?" बाबांनी विचारले.

गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. ताईने जाळीतून बोट आत घातले आणि ते चोखत ढब्बू घरी पोचला.

आता त्याच्या तोंडावरचे केस पांढरे झाले आहेत. ताईच्या आईला रिकामी वस्तू बघवत नाही. ती माझ्यात स्वेटर भरते, ढब्बू ते एकेक करून ओढून काढतो. ती पुन्हा भरते, तो पुन्हा काढतो. अखेर कंटाळून तिने मला भंगारवाल्याला द्यायला दारात आणून ठेवले. ढब्बू आला, माझ्यात डोके घातले आणि उरलेला देह उंबऱ्यावर पसरून झोपला. कोणाला आत येता येईना, की बाहेर जाता येईना. भंगारवाला खालच्या पायरीवर ताटकळला आणि नंतर येतो म्हणून गेला. मग आईने स्वेटर उचलून कपाटात ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढेच सांगते, ज्याच्यावर माया आहे त्याला वळायला जागा ठेवा. आणि मला लहान म्हणायचे नाही. ढब्बूचे आता फक्त डोके मावते, पण ते पुरते मावते.