झटका न मारणारी रायफल

हेमलताने रायफलचा दस्ता रेश्माच्या कोपराच्या लवणीत टेकवला.

"आता बोट पुढे कर. ताणू नकोस."

रेश्माचं बोट घोड्याच्या बरंच अलीकडे राहिलं. तिने खांदा पुढे ढकलून पाहिला, तरी पोचलं नाही.

"लांब होते तुला," हेमलता म्हणाली आणि रायफल काउंटरवर परत ठेवली.

"वाढती पोर शे ताई," ज्ञानेश्वरनाना गल्ल्यामागून म्हणाले. "शाळेचा ड्रेस घेतो तशी घ्यायची, दोन बोटं मोठी. पुढच्या साली बरोब्बर बसेल."

"ड्रेसच्या बाह्या दुमडता येतात, नाना."

नाना मोठ्याने हसले. दुकानात पुढे क्रिकेटच्या बॅटी, कॅरम, गणेशोत्सवात वाटायचे कप आणि ढाली होत्या. छर्र्याच्या रायफली मागच्या भिंतीवर. त्या बहुतेक केळीवाले न्यायचे, बागेतली माकडं हाकलायला. मुलांना शिकवण्यासाठी म्हणून न्यायला जळगावात एकच माणूस यायचा, निंबा सर. नाना तसं म्हणाले, आणि मग उगाच काउंटर फडक्याने पुसत राहिले.

निंबा सर म्हणजे हेमलताचे आबा. शाळेतून निवृत्त झाल्यावर पिंप्राळ्यात कॉलनीच्या सभागृहात दर रविवारी ते मुलांना नेमबाजी शिकवायचे. होळीच्या सुमाराला त्या वर्गात नवीन नावाच्या मुलाच्या भुवईला रायफल लागली, टाके घालावे लागले. कसं लागलं म्हणून विचारलं तर वर्गातली सगळी मुलं, ही रेश्माही, एकच सांगत होती, रायफल झटका मारते. पुढे थोड्याच दिवसांत आबा गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात त्यांची घागर पुजली, आणि दुसऱ्या दिवशी सभागृहाची किल्ली सांभाळणारे योगेंद्रभाऊ आले. चहा संपेपर्यंत आबांबद्दल बोलले. मग उठता उठता म्हणाले, "वर्ग तू चालव, हेमा, कोणाची ना नाही. पण ती रायफल नको. लोक पोरं पाठवायला घाबरतात. झटका न मारणारी आण. नाहीतर मी ती जागा योगासनांना देऊन टाकतो."

"कशाला हा व्याप?" आई पुष्पाबाईंनी विचारलं होतं. हेमलता कपबश्या उचलून आत गेली होती. रविवारी सकाळी त्या घरात बसवत नाही, एवढंच खरं होतं. दुसरं काही धरून ठेवण्यासारखं उरलं नव्हतं.

दुकानामागे अरुंद बोळ होता. त्याच्या टोकाला वाळूची पोती रचून त्यावर पुठ्ठा टांगलेला. नानांनी आधी एक छोटी, प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल दिली.

"खास लहान मुलांसाठी बनवलेली. पिसासारखी."

हेमलताने ती खांद्याला लावून झाडली. रायफल आधी मागे आली, मग पुढे उसळली. नळीच्या टोकाची माशी पुठ्ठा सोडून पोत्यांच्या वर गेली. आबा म्हणायचे, हलक्या रायफलवर कधी भुलू नये. झटका वजनात मुरतो. वजन नसेल तर सगळा पोराच्या खांद्यावर येतो. तिने रायफल परत दिली.

दुसरी वेगळी होती. नळीखालच्या टाकीत पंपाने आधीच हवा भरून ठेवायची. जुन्या रायफलसारखी नळी बिजागरीत खाली वाकवून मोडायची नाही. मागची कडी ओढायची, छर्रा ठेवायचा, कडी लोटायची, झालं. दस्ताही सरकवून आखूड होत होता. हेमलताने झाडली तेव्हा जीभ टाळूला लावून सोडावी एवढा आवाज झाला. माशी होती तिथेच राहिली.

"ही आधी का नाही दाखवलीत?"

"चांगलं ते शेवटी दाखवायचं, ताई. नाहीतर धंदा कसा व्हायचा?" नाना खूश झाले. "जुनी आणलीय ना? बदल्यात घेतो ती. निंबा सरांची म्हणून घेतो, नाहीतर तिच्यात काय राहिलं? लोखंडही म्हातारं झालं की माणसासारखंच, चिडकं होतं. झटका मारणारच."

पुढून कुणी गिऱ्हाईक हाक मारत होतं. नाना गेले.

हेमलताने जुन्या चादरीत गुंडाळलेली आबांची रायफल सोडवली. कॉलेज सुटल्यापासून तिने हिला हात लावला नव्हता. एकदा मारून पाहावी, दोन्हींतला फरक पालकांना नीट सांगता येईल, असं तिच्या मनात आलं. तिने नळी खाली ओढून मोडली, छर्रा ठेवला, नळी मिटली. दस्ता खांद्यात घट्ट रुतवला, दातावर दात दाबले, आणि घोडा ओढला.

एवढंच?

झोपेत कुणी कूस बदलावी तेवढी रायफल हलली होती. तिने पुन्हा भरली, पुन्हा झाडली. मग खांदा मुद्दाम सैल ठेवून तिसऱ्यांदा. जड शिसवी लाकूड, आणि आत वापरून वापरून मऊ पडलेली स्प्रिंग. त्या प्लास्टिकच्या रायफलच्या पासंगालाही हिचा झटका पुरला नसता.

"रेश्मा, ही झटका मारते?"

"हो ताई." रेश्मा पुठ्ठ्याकडे बघत होती.

"खूप?"

"खूपच."

"तू मारून दाखव बघू मला. ये, बस इथे."

आबांच्या वर्गाची एक रीत होती. नळी मोडायला जोर लागतो, म्हणून ती सर स्वतः मोडायचे. ज्याची पाळी असेल त्याने त्यांच्या डावीकडे बसायचं आणि वाकून आपल्या हाताने छर्रा आत ठेवायचा. रेश्मा तशीच डावीकडे येऊन बसली. हेमलताने डाव्या हाताने नळी धरली आणि खाली ओढू लागली. स्प्रिंग आतून उलटी रेटत होती. अर्ध्यावर आली तोच रेश्माने मान झटकन मागे घेतली आणि तळहात भुवईवर आडवा धरला.

अजून छर्राही भरलेला नव्हता.

हेमलताने नळी पूर्ण खाली नेली. आत खटका बसला. तिने विचारलं,

"नवीनला रायफल मारताना लागलं नाही ना? भरताना लागलं."

रेश्माने हात खाली घेतला आणि मांडीखाली दाबला. पुढे दुकानात नाना कुणाला तरी कॅरमची पावडर फुकट मिळत नाही म्हणून सुनावत होते.

"मी कुणाला रागवणार नाही."

"आता सांगितलं तर चालेल ना ताई?" रेश्मा हळूच म्हणाली. "आता सरांना काही होणार नाही ना?"

"काय होणार?"

"आम्ही शपथ घेतली होती. सरांच्या गळ्याची. बठ्ठ्यांनी, सगळ्या सगळ्यांनी."

"आता काही होणार नाही," हेमलता म्हणाली.

वर्गात रेश्मा शाळेची मराठी बोलायची. आता तिच्या तोंडी धरणगावकडचं घरचं बोलणं आलं.

"सरना डावा हात झोपी जाये, ताई. नळी मोडता मोडता सुटी जाये. मंग सर हसेत. म्हनेत, म्हातारा हात शे, आळशी व्हई गया. पन त्या दिनले नवीन छर्रा ठेवाले वाकेल व्हता." तिने पुन्हा भुवईवर हात धरला. "नळी फाटकन वर उनी. रगत उनं. सर रडनात, ताई. आम्ही बठ्ठा घाबरी गयूत. मंग मीच म्हनं, रायफल झटका मारस असं सांगूत. सरनं नाव कोनलेच सांगानं नही."

"सर काय म्हणाले?"

"काहीच नही. मन्हा डोकावर हात ठेवा." तिने आपल्या डोक्याला हात लावून दाखवला. "उजवा."

आबांना अर्धांगवायू झाला तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं. हातातला जोर जाणं, वस्तू निसटणं, असं काही आधी होत होतं का? नीट आठवून सांगा. अशी सूचना मिळालेली असते, तेव्हाच आणलं तर पुष्कळदा मार्ग निघतो. आई नाही म्हणाली होती. हेमलताही नाही म्हणाली होती. घरात आबा चहाचा कप उजव्या हाताने धरायचे, जेवण उजव्या हाताने, वर्तमानपत्र मांडीवर पसरून एका हाताने पान उलटायचे. डाव्या हाताला घरात काही काम नव्हतं.

तिच्या मांडीवर रायफल मोडलेलीच होती. तिने छर्रा ठेवला, नळी सावकाश मिटली, आणि नेम न धरता वाळूच्या पोत्यात झाडली. मग चादर अंथरून रायफल तिच्यावर ठेवली आणि एकेक कड आत घेत गुंडाळत राहिली. झाल्यावर पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"काय ठरलं, ताई?" नाना आले.

"ही हवेची द्या. दस्ता आखूड करून."

"आणि ही?"

"ठेवून घ्या."

नानांनी गुंडाळी उचलून हातात तोलली. "देईन एखाद्या केळीवाल्याला. पण सरांची वस्तू, खोटं बोलून नाही विकणार. खरंच एवढी मारते?"

रेश्माने वर पाहिलं.

"मारते," हेमलता म्हणाली आणि उजवा खांदा चोळला. "दुखला माझा."

बाहेर ऊन रणरणत होतं. रिक्षात नव्या रायफलचा लांब खोका दोघींच्या मांड्यांवर आडवा ठेवावा लागला. रेश्मा टॉवर चौकापर्यंत तो दोन्ही हातांनी धरून बसली होती. रिक्षा पिंप्राळ्याच्या पुलाला लागली तेव्हा म्हणाली,

"ताई, नवीन रविवारी का येणार नाही, माहितीये?"

"त्याचे वडील पाठवणार नाहीत."

"नाही. मुलंच त्याला टाकून बोलतात, तूच सांगितलंस म्हणून. टाके घालताना दुखलं असेल, रडता रडता आईला सांगून टाकलं असेल. शपथ मोडली, म्हणून सर गेले."

पुलाच्या चढावर रिक्षा धापा टाकू लागली. चालक मागे वळून म्हणाला, "एवढा मोठा काय खजिना नेताय, ताई?" हेमलताने रेश्माकडे वळून विचारलं,

"तूही बोलतेस त्याला?"

रेश्माने मान हलवली. होय म्हणून. "तो म्हणतो, आईशप्पथ नाही सांगितलं. पण मग सर कसे गेले?"

हेमलता पुलाच्या कठड्याकडे बघत राहिली. खाली रुळांवर मालगाडी उभी होती, तिचा शेवट दिसत नव्हता.

"नवीनने सांगितलं नाही," ती म्हणाली.

"कशावरून?"

"त्याची आई आमच्याकडे भेटायला आली होती. तिला काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आमच्या आईलाही नाही. तू आज सांगेपर्यंत कुणालाच नव्हतं."

रेश्माने हे मनात घोळवलं. मग तिचे खांदे सैल पडले, इतका वेळ खोक्याला धरून ठेवलेली बोटं सुटली.

"म्हणजे आमच्यामुळे नाही."

हेमलताने खोका आपल्याकडे ओढून घेतला. रिक्षा उतार लागून वेगाने खाली निघाली होती, तो घसरत होता.

"मग रविवारी मी त्याला बोलावून आणते," रेश्मा म्हणाली. "सगळ्यांना सांगते, ताई म्हणाल्या म्हणून. बठ्ठ्यांनी शपथ पाळली. पाळली ना, ताई? अगदी शेवटपर्यंत?"

"हो," हेमलता म्हणाली. "शेवटपर्यंत."