तळहाताला कळणारा दिवा

साहेब, तुम्ही वीज वाचवलीत आणि एका बाईला अंधारात मरायला लावलंत. चुकून झालं म्हणू नका. तुमच्या माणसांना आधी सांगितलं होतं.

सांगणारा जन्माचा आंधळा, खुर्च्यांना वेत विणून पोट भरणारा. अर्धांगवायूने बायकोची वाचा गेली, हातपाय गेले. धडधाकट होती तेव्हा लोकांना तोंडावर सुनवायची, "नवरा आंधळा आहे, मी नाही! माझ्या घरात दिवा लागणारच." अंधाराला मात्र लहान पोरासारखी भ्यायची. म्हणून तिच्या उशाशी दिवा. तो बटण दाबायचा, बल्बपाशी तळहात धरायचा. ऊब लागली की समजायचं, हिला दिसतंय.

तुमची माणसं भरदुपारी आली. जुने बल्ब काढून द्या, कमी विजेचे नवे लावतो, नाहीतर जोडणी तोडू.

"उशाचा तेवढा राहू द्या, दादा. तो तापला की मला कळतं, लागलाय म्हणून."

"बाबा, हा नवा तापतच नाही! दहा वर्षं बघायला नको."

"मी तसाही कुठे बघतोय?"

सगळे हसले. तोही हसला. जुना बल्ब दारातच पिंपात फुटला.

दिवेलागणीला, लेक कामावर असताना, बायको कण्हायला लागली. अंधाराला भ्याली असेल, म्हणून त्याने बटण दाबलं. तळहात गार. पुन्हा दाबलं. गारच. पुन्हा दाबलं, पुन्हा. किती वेळा, त्यालाच कळेना. मग ती एकदम शांत झाली.

"लागला बाई एकदाचा!" म्हणत त्याने वेत हातात घेतला. विणता विणता तिच्याशी बोलत बसला. तुम्हाला चार शिव्याही घातल्या, तिला हसू यावं म्हणून.

दार वाजलं तसा तो कुजबुजला, "हळू गं. आत्ताच डोळा लागलाय आईचा."

लेक खुर्चीला अडखळली. चाचपडत उशाशी गेली. टक्. बटण वाजलं.

त्याचे हात थांबले. "तू आत्ता लावलास? म्हणजे इतका वेळ..."

उत्तरादाखल लेकीची किंकाळी आली. आईचे डोळे सताड उघडे होते, नवऱ्याच्या दिशेने.

तेव्हापासून तो एकच विचारतो, "शेवटी तिला मी दिसत होतो का गं?"

वाचलेल्या विजेचे आकडे ठेवा तुमच्यापाशी. त्याच्या घरी या, साहेब. त्या विझल्या दिव्यापाशी त्याच्यासमोर बसा आणि सांगा. तिला तो दिसत होता का?